‘पहिल्याच सुरक्षित देशात थांबा’ असा नियमच नाही

वडोदऱ्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या कट्ट्यावर परवा एका काकांनी मोबाइलवर आलेला मजकूर मोठ्यानं वाचला: “खरा निर्वासित पहिल्या सुरक्षित देशातच थांबतो. फ्रान्समधून होडीनं ब्रिटनला गेला, तो घुसखोर. हा आंतरराष्ट्रीय कायदा आहे.” हे वाक्य मी कितीतरी वर्षं ऐकतोय, आणि ते चूक आहे.

१९५१ च्या निर्वासित करारात अशी सक्ती कुठेही नाही. गोंधळ होतो तो कलम ३१ मुळे. धोक्याच्या ठिकाणाहून ‘थेट’ येऊन विनाविलंब अधिकाऱ्यांपुढे हजर होणाऱ्याला बेकायदा प्रवेशाबद्दल शिक्षा करू नये, असं ते सांगतं. म्हणजे ते शिक्षेपुरतं आहे; थेट न आलेल्याचा आश्रय मागण्याचा हक्क ते काढून घेत नाही.

युरोपीय संघात डब्लिन नियम आहे, आणि त्यानुसार बऱ्याचदा निर्वासित आधी ज्या देशात शिरला त्यानंच त्याचा आश्रयाचा अर्ज तपासायचा असतो, हे खरं. पण अर्ज कोणत्या देशानं तपासायचा, ही त्या सरकारांची आपसातली वाटणी आहे. त्यातही जवळचे नातेवाईक कुठे आहेत, हे आधी पाहतात.

आणि असा जागतिक नियम असताच, तर मार्च २०१६ मध्ये युरोपीय संघाला तुर्कस्तानशी सौदा कशाला करावा लागला असता? तुर्कस्तानातून ग्रीक बेटांवर आलेल्या आणि तिथून परत पाठवलेल्या दर सीरियन माणसामागे तुर्कस्तानातला एक सीरियन युरोपनं घ्यायचा, शिवाय अब्जावधी युरो द्यायचे, असं ठरलं होतं. माणसांची अशी मोजदाद वाचताना माझ्या पोटात कालवतं.

भारतानं १९५१ च्या करारावर सही केलेली नाही. काकांच्या मजकुरातल्या ब्रिटन आणि फ्रान्सनं मात्र केलेली आहे.