कडकनाथचं रक्त लालच असतं, पण त्यातून फिरतं कोण ते बघा

थंडी सुरू झाली की आपल्या इंदूरला कडकनाथचे फॉरवर्ड फिरायला लागतात, मांस काळं, हाडं काळी, रक्त काळं, अंडंसुद्धा काळं आणि म्हणे बीपी-शुगर सगळं गायब. झाबुआच्या या कोंबडीला २०१८ मध्ये जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळालाय आणि मांस-हाडं काळपट असतात, एवढं खरं. पण अंडं फिकट बदामी असतं आणि रक्त लालच, कारण हिमोग्लोबिन सगळ्या कोंबड्यांचं तेच. काळेपणा मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्याचा, त्यात औषध-बिषध काही नाही.

रक्तातली खरी गंमत वेगळीच आहे, आणि ती कुठल्याही कोंबडीच्या अंड्यात घडते. पिल्लू मोठं झाल्यावर त्याची अंडी किंवा शुक्राणू ज्यांच्यापासून बनणार त्या मूळ जननपेशी सुरुवातीला अंडाशयाच्या जवळपासही नसतात. त्या असतात डोक्याच्या पुढे, गर्भाच्या चक्क बाहेर, एका चंद्रकोरीच्या आकाराच्या पट्ट्यात. उबवायला ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी हृदय धडधडायला लागतं, रक्त फिरायला लागतं आणि या पेशी सरळ रक्तात शिरतात. १९१४ मध्ये स्विफ्ट नावाच्या संशोधकाने गर्भाचे पातळ काप काढून त्यांना रक्तवाहिन्यांत पाहिलं होतं. ओळखायला सोप्या, तांबड्या पेशींपेक्षा मोठ्या, गोल, ग्लायकोजेनने म्हणजे साठवलेल्या साखरेने भरलेल्या.

बरं, शिरल्या, पण उतरायचं कुठे हे कसं कळतं? कळत-बिळत काही नाही. इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री गर्दी ढकलेल तिकडे आपण जातो, अरुंद जागी अडकतो आणि मग भुट्ट्याच्या किसाचा वास आला की त्या बाजूला सरकतो, तसंच. पहिली गोष्ट अडकणं. या पेशींच्या आत अ‍ॅक्टिन नावाच्या प्रोटीनचे धागे असतात, त्यामुळे त्या कडक असतात, तांबड्या पेशींसारख्या दबून निसटत नाहीत, आणि बारीक केशवाहिन्यांच्या जाळीत रुतून बसतात. जपानी संशोधकांनी हा कडकपणा कमी करून पाहिला तर बाहेर पडणंच बिघडलं. दुसरी गोष्ट वास, म्हणजे केमिकल. जननग्रंथी जिथे होणार तिथल्या ऊती सीएक्ससीएल-१२ नावाचं प्रोटीन सोडतात आणि जननपेशीच्या अंगावर त्याला पकडणारा सीएक्ससीआर-४ हा रिसेप्टर असतो. मग पेशी वाहिनीच्या भिंतीतून वाट काढते आणि पुढचं अंतर ऊतींमधून सरपटत जाते. डाव्या बाजूला जास्त पोचतात, आणि बहुतेक पक्ष्यांच्या मादीत नंतर डावंच अंडाशय नीट वाढतं. काही चुकून डोक्याकडेही जातात, त्यातल्या बहुतेक मरतात.

आपल्यात हा रक्ताचा रस्ता नाही हां. माणूस आणि उंदीर यांच्या जननपेशी आतड्याच्या भिंतीतून चालत जातात. रक्ताच्या मूळ पेशी (स्टेम सेल) मात्र आपल्यातही फिरतात, गर्भाच्या महाधमनीत तयार होतात, मग यकृतात मुक्काम, मग अस्थिमज्जा म्हणजे हाडाच्या आतला मऊ भाग (बोन मॅरो), आणि तिथे धरून ठेवायला परत तीच सीएक्ससीएल-१२ आणि सीएक्ससीआर-४ची जोडी. म्हणूनच बोन मॅरो ट्रान्सप्लांटमध्ये हाड उघडावं लागत नाही, पेशी सलाइनसारख्या शिरेतून देतात, त्या आपल्या आपण मज्जेत जाऊन बसतात. प्लेरिक्साफोर नावाचं औषध ही पकड सोडवतं, मग मज्जेतल्या पेशी रक्तात येतात आणि दात्याच्या हातातून गोळा करता येतात.

याच गोष्टीवर काही क्लिनिकवाले आपला धंदा चालवतात, ते सांगतात स्टेम सेल शिरेतून द्या, गुडघा असो की मेंदू, बरोबर जागी जातील. अहो, शिरेतून सोडलेलं आधी हृदयात आणि तिथून फुप्फुसात जातं, आणि ही मंडळी बहुतेक ज्या मेसेन्कायमल (हाड, कूर्चा, चरबी बनवू शकणाऱ्या) पेशी वापरतात त्या आकाराने मोठ्या असल्याने त्यातल्या बऱ्याचशा फुप्फुसाच्या केशवाहिन्यांतच अडकतात. अडकणं तेवढं जमलं, पण गुडघ्याकडे बोलावणारं केमिकल आणि ते ओळखणारा रिसेप्टर यांचं काय? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या गाइडलाइन्समध्ये रक्ताच्या आजारांसारखी मान्य कारणं सोडली तर बाकी स्टेम सेल थेरपी प्रायोगिकच धरलीय, आणि प्रयोगात भाग घेतला म्हणून पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात.