अमेरिकन सिनेटरांची निवड : विधिमंडळे की मतदार

अमेरिकेच्या काँग्रेसचे वरिष्ठ सभागृह म्हणजे सिनेट. तिथे प्रत्येक राज्याचे दोन सदस्य असतात, मग राज्य कॅलिफोर्नियाएवढे अवाढव्य असो की वायोमिंगएवढे विरळ वस्तीचे. या दोघांना निवडण्याचा अधिकार १७८९ पासून १९१३ पर्यंत राज्यांच्या विधिमंडळांकडे होता. सतराव्या घटनादुरुस्तीने तो काढून थेट मतदारांच्या हाती दिला. हा निर्णय होऊन शतक उलटले, तरी ही दुरुस्ती रद्द करून जुनी पद्धत आणावी, असे म्हणणारे राजकारणी आणि कायदेपंडित अमेरिकेत आजही आहेत.

मूळ तरतूद १७८७ च्या फिलाडेल्फिया घटना परिषदेतली. सिनेटर कोणी निवडावेत यावर तिथे निरनिराळ्या सूचना आल्या. व्हर्जिनियाच्या आराखड्यात कनिष्ठ सभागृहानेच वरिष्ठ सभागृह निवडावे असे होते; विधिमंडळांनी फक्त नावे सुचवायची. पेनसिल्व्हेनियाचे जेम्स विल्सन यांनी मात्र दोन्ही सभागृहे जनतेनेच निवडावीत असा आग्रह धरला. ७ जूनला त्यांची सूचना मतास आली तेव्हा बाजूने एकटे पेनसिल्व्हेनिया, विरोधात दहा राज्ये. विधिमंडळांनी निवड करावी ही डेलावेअरच्या जॉन डिकिन्सन यांची सूचना त्याच दिवशी एकमताने संमत झाली. व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन यांचे म्हणणे असे की केंद्राला राज्यांपासून स्वतःचे रक्षण करण्याची साधने दिली जात आहेत, तर राज्यांनाही केंद्रापासून बचावाचे एखादे साधन हवे. पुढे १६ जुलैला मोठ्या आणि लहान राज्यांमध्ये तडजोड झाली : प्रतिनिधिगृहात, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, लोकसंख्येप्रमाणे जागा, सिनेटमध्ये सर्वांना सारख्या.

इथे एक गोष्ट सहसा नजरेआड होते. त्याआधीच्या महासंघाच्या काळात काँग्रेसमधले प्रतिनिधी खरोखर राज्यांचे मुखत्यार असत. त्यांची नेमणूक एका वर्षापुरती असे, त्यांचा खर्च राज्य करी, मनात येईल तेव्हा राज्य त्यांना माघारी बोलवी आणि राज्याचे मत एकच धरले जाई. नव्या घटनेने यातले काहीच ठेवले नाही. सिनेटरला सहा वर्षांची मुदत मिळाली, पगार केंद्राच्या तिजोरीतून मिळू लागला, परत बोलावण्याची सोय उरली नाही आणि दोघा सिनेटरांना दोन स्वतंत्र मते मिळाली. विधिमंडळे त्यांना 'सूचना' धाडत, पण त्या पाळणे न पाळणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने अध्यक्ष जॅक्सन यांच्यावरील निषेधाचा ठराव इतिवृत्तातून खोडण्याच्या बाजूने मत द्यायला सांगितले, तेव्हा तिथले सिनेटर जॉन टायलर यांनी १८३६ मध्ये राजीनामा देणे पसंत केले. असा काटेकोरपणा थोड्यांनीच दाखवला. राज्यांच्या हातातला दोर म्हणजे पहिल्यापासूनच बराच सैल होता.

पद्धतीतली अडचणही लगेच दिसली. घटनेत 'विधिमंडळाने निवडावे' एवढेच होते. दोन्ही सभागृहांनी एकत्र बसून की वेगवेगळे, याचा खुलासा नव्हता. न्यूयॉर्कच्या दोन सभागृहांचे यावर जमेना, म्हणून १७८९ च्या पहिल्या काँग्रेसमध्ये त्या राज्याच्या दोन्ही जागा जुलैपर्यंत रिकाम्या होत्या. आणि तेव्हा काँग्रेस भरत होती ती न्यूयॉर्क शहरातच! इंडियानाची एक जागा १८५५ पासून दोन वर्षे भरलीच नाही. शेवटी १८६६ मध्ये काँग्रेसने कायदा करून रीत ठरवून दिली. आधी दोन्ही सभागृहांनी स्वतंत्रपणे, तोंडी मत द्यावे. एकच नाव निघाले नाही तर दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला संयुक्त बैठक घ्यावी आणि निवड होईपर्यंत रोज किमान एकदा मतदान करावे.

हेतू चांगला होता, परिणाम उलटा झाला. बहुमत लागणार, जागा एकच आणि मतदान रोज. मग एखाद्या छोट्या गटाने अडून बसायचे ठरवले की सगळे अधिवेशन त्यापायी वेठीला धरता येई. १८९१ ते १९०५ या काळात वीस राज्यांत मिळून ४५ वेळा अशी कोंडी झाली. डेलावेअरमध्ये १८९५ साली ११४ दिवसांत २१७ वेळा मतदान झाले. त्या राज्यात एडवर्ड अॅडिक्स नावाचे गॅस कंपन्यांचे धनाढ्य मालक सिनेटर होण्याच्या हट्टाने पेटले होते; रिपब्लिकन पक्षात त्यांच्यावरून उभी फूट पडली आणि १९०१ ते १९०३ या काळात डेलावेअरचा एकही सिनेटर वॉशिंग्टनमध्ये नव्हता. अॅडिक्स शेवटपर्यंत सिनेटर झाले नाहीत ते नाहीतच. ओरेगनमध्ये १८९७ साली सिनेटरपदाच्या भांडणात कनिष्ठ सभागृहाची रीतसर स्थापनाच होऊ शकली नाही आणि राज्याचे कायदेकानू जिथल्या तिथे राहिले. मिसूरीत १९०५ मध्ये अधिवेशनाचा शेवटचा दिवस संपत आला तरी निवड होईना, तेव्हा वेळ थांबवण्यासाठी काही आमदार सभागृहातले भिंतीवरचे घड्याळच बंद पाडायला धावले. दुसऱ्या बाजूने त्यांना अडवले, हातघाई झाली, पुस्तके आणि दौती भिरकावल्या गेल्या आणि लंबक एकदाचा थांबला.

मराठी वाचकाला इथे राज्यसभा आठवणे साहजिक आहे. राज्यसभेचे बहुतेक सदस्य विधानसभेचे निवडून आलेले आमदारच निवडतात. महाराष्ट्राच्या वाट्याला अशा १९ जागा आहेत, गोव्याला एक. पण भारतात बहुतेक वेळा अनेक जागा एकदम भरल्या जातात आणि एकल संक्रमणीय मतपद्धतीने प्रत्येक पक्षाला त्याच्या बळाप्रमाणे वाटा मिळतो. पसंतीक्रमाची मते मोजत गेले की निकाल लागतोच, त्यामुळे अमेरिकेसारखी महिनोन्‌महिने कोंडी होत नाही. घोडेबाजाराची भीती मात्र दोन्हीकडे सारखीच. ती कमी करण्यासाठी २००३ पासून आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. तरीही जून २०२२ मध्ये महाराष्ट्रात सहा जागांसाठी सात उमेदवार उभे राहिले, तेव्हा आमदारांची हॉटेलांत रवानगी झालीच.

अमेरिकेतला घोडेबाजार मोंटानात सर्वांत उघडा पडला. तांब्याच्या खाणींचे मालक विल्यम क्लार्क यांना १८९९ मध्ये सिनेटर व्हायचे होते, तर त्यांचे प्रतिस्पर्धी मार्कस डेली यांना ते होऊ द्यायचे नव्हते. लाच म्हणून वाटायला आलेले ३०,००० डॉलर फ्रेड व्हाइटसाइड या आमदाराने विधिमंडळासमोर मांडून दाखवले. तरीही क्लार्क निवडून आले. सिनेटच्या समितीने निवड रद्दबातल ठरवण्याची शिफारस केल्यावर त्यांनी मे १९०० मध्ये राजीनामा दिला, आणि गव्हर्नर राज्याबाहेर असल्याची संधी साधून उपगव्हर्नरने त्याच रिकाम्या जागेवर पुन्हा क्लार्क यांचीच नेमणूक केली! ती काही टिकली नाही, पण १९०१ मध्ये नव्या विधिमंडळाने त्यांना रीतसर निवडून पाठवले. इलिनॉयचे विल्यम लॉरिमर यांची १९०९ मधली निवड लाचेच्या पुराव्यावरून सिनेटने जुलै १९१२ मध्ये रद्द केली. तोवर घटनादुरुस्तीचा ठराव राज्यांकडे गेलाही होता.

लाचेच्या प्रकरणांनी वर्तमानपत्रे गाजली. पण जुन्या पद्धतीचा खरा दोष लाच हा नव्हे. लाचखोरी सिद्ध झालेल्या निवडणुका एकूण निवडणुकांच्या मानाने थोड्याच होत्या. खरे नुकसान राज्यांच्या कारभाराचे झाले. आमदार निवडताना मतदाराने शाळा, रस्ते, कर, कारागृहे यांचा विचार करावा ही अपेक्षा; प्रत्यक्षात तो सिनेटर कोण होणार एवढेच पाहून मत देऊ लागला. १८५८ मध्ये इलिनॉयमध्ये सिनेटरपदाचे इच्छुक अब्राहम लिंकन आणि स्टीफन डग्लस यांचे गुलामगिरीवर सात जाहीर वादविवाद झाले, ते ऐकायला हजारोंनी गर्दी लोटली. मतपत्रिकेवर मात्र दोघांचेही नाव नव्हते. लोकांनी आमदार निवडले आणि विधिमंडळाने ५४ विरुद्ध ४६ मतांनी डग्लस यांना पाठवले. राज्याचे स्वत्व जपण्यासाठी आखलेल्या पद्धतीने राज्याची निवडणूकच राष्ट्रीय प्रश्नांच्या दावणीला बांधली.

थेट निवडीचा ठराव प्रतिनिधिगृहात पहिल्यांदा १८२६ मध्ये आला होता. शेतकऱ्यांच्या असंतोषातून उभ्या राहिलेल्या पॉप्युलिस्ट पक्षाने १८९२ मध्ये ती मागणी उचलली, डेमोक्रॅट नेते विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी ती गावोगावी नेली. १८९३ नंतर प्रतिनिधिगृहाने असे ठराव पुन्हा पुन्हा मोठ्या बहुमताने संमत केले, सिनेटने ते तितक्याच नेमाने कुजवले.

वाट काढली ती राज्यांनीच, आणि त्यातही ओरेगनने. १९०४ मध्ये तिथे जनमताने नवा निवडणूक कायदा झाला. मतदारांनी सिनेटरपदासाठी आपला कौल द्यायचा आणि आमदारकीच्या उमेदवाराने 'निवेदन क्रमांक एक'वर सही करायची : पक्ष कोणताही असो, लोकांनी कौल दिलेल्या माणसालाच मी मत देईन. सही सक्तीची नव्हती. पण न करणाऱ्याला मतदारांना तोंड द्यावे लागे. कसोटीची वेळ लवकरच आली. १९०८ मध्ये लोकांचा कौल डेमोक्रॅट जॉर्ज चेंबरलेन यांना मिळाला आणि विधिमंडळ होते प्रचंड बहुमताने रिपब्लिकन. सही केलेल्या आमदारांनी जानेवारी १९०९ मध्ये शब्द पाळला. घटनेचे एक अक्षरही न बदलता ओरेगनमध्ये थेट निवडणूक आली होती. १९१२ पर्यंत सुमारे २९ राज्यांनी पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीतून किंवा सार्वत्रिक मतदानातून लोकांचा कौल घ्यायला सुरुवात केली. लोकांच्या मतांवर आलेले सिनेटर सभागृहात वाढत गेले, तशी सिनेटची भिंत खचत गेली. शिवाय दोन तृतीयांश विधिमंडळांनी मागणी केली तर नवी घटना परिषद बोलवावी लागते, आणि तो आकडा जवळ येत चालला होता. अशी परिषद भरली तर ती आणखी काय काय बदलेल याची धास्ती सिनेटरांना होती.

कॅन्ससचे जोसेफ ब्रिस्टो यांचा मसुदा अखेर १२ जून १९११ रोजी सिनेटमध्ये ६४ विरुद्ध २४ मतांनी संमत झाला. त्याआधीचा तंटा वेगळ्याच मुद्द्यावर होता. सिनेटच्या निवडणुकांवरील केंद्राचे नियंत्रण काढून घ्यावे असे कलम प्रतिनिधिगृहाच्या मसुद्यात होते. दक्षिणेतल्या गोऱ्या राजकारण्यांना ते हवे होते, कारण कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवण्याच्या त्यांच्या व्यवस्थेत केंद्राने कधी हात घालू नये अशी त्यांची इच्छा होती. ते कलम वगळण्याच्या सूचनेवर मते समसमान पडली आणि उपाध्यक्ष जेम्स शर्मन यांच्या निर्णायक मताने ते गळले. प्रतिनिधिगृहाने १३ मे १९१२ रोजी हा मसुदा स्वीकारला. पुढे अकरा महिन्यांत ४८ पैकी ३६ राज्यांची मान्यता मिळाली. छत्तिसावे राज्य कनेटिकट. युटाने ठराव फेटाळला. डेलावेअरनेही तो १९१३ मध्ये फेटाळला आणि थेट २०१० मध्ये मान्य केला. ज्या राज्याचे सर्वाधिक हसे झाले, त्याचेच मन सर्वांत उशिरा वळणाऱ्यांत असावे हे गमतीचे आहे. दुरुस्तीनंतर मतदारांनी निवडलेले पहिले सिनेटर जॉर्जियाचे ऑगस्टस बेकन, जुलै १९१३ मध्ये.

थेट मतदान म्हणजे सर्वांचे मतदान, असा अर्थ दक्षिणेत १९६५ च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत नव्हता. उलट इतिहासातली एक विसंगती नोंदवण्यासारखी आहे. पहिले दोन कृष्णवर्णीय सिनेटर, हायरम रेव्हल्स आणि ब्लांच ब्रूस, यांना १८७० आणि १८७४ मध्ये मिसिसिपीच्या विधिमंडळाने निवडले होते. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळात त्या विधिमंडळात कृष्णवर्णीय सदस्यही बसत. मतदारांनी निवडलेला पहिला कृष्णवर्णीय सिनेटर त्यानंतर कितीतरी काळाने, १९६६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये मिळाला : एडवर्ड ब्रूक. कोण निवडतो यापेक्षा निवडणाऱ्यांत कोणाला शिरकाव आहे, हा प्रश्न मोठा ठरला.

दुरुस्तीने जुन्या रोगाचा एक अंशही मागे ठेवला. जागा मध्येच रिकामी झाली तर विधिमंडळाच्या परवानगीने गव्हर्नर हंगामी नेमणूक करू शकतो. बराक ओबामा २००८ मध्ये अध्यक्ष म्हणून निवडून आल्यावर त्यांची इलिनॉयची जागा विकायला काढल्याच्या आरोपावरून गव्हर्नर रॉड ब्लागोयेविच यांना अटक झाली आणि पुढे पदावरून दूर केले गेले.

दुरुस्ती रद्द करा म्हणणाऱ्यांचा मुद्दा मेसन यांचाच आहे : राज्य सरकारांना वॉशिंग्टनमध्ये आपले कोणी उरले नाही, म्हणून केंद्र फुगत गेले आणि त्याच्या खर्चिक आज्ञा राज्यांच्या माथी बसल्या. जॉर्जियाचे डेमोक्रॅट सिनेटर झेल मिलर यांनी २००४ मध्ये तसा ठरावच मांडला होता. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया हेही या दुरुस्तीचे टीकाकार होते. सिनेटची निवडणूक आता अफाट खर्चाची झाली आहे आणि पैसा राज्याबाहेरून ओतला जातो, ही दुरुस्तीविरोधकांची तक्रार खोटी नाही. पण केंद्राचे बळ वाढले त्याला दोन महायुद्धे, महामंदी आणि दुरुस्तीच्याच वर्षी, १९१३ मध्ये, आलेला आयकर ही कारणे अधिक जवळची आहेत. आणि राज्यांचा हा अधिकार बाहेरच्या कोणी हिरावला नव्हता. तीन चतुर्थांशांहून कमी विधिमंडळांनी होकार दिला असता तर दुरुस्ती झालीच नसती.

आज जुनी पद्धत आणली तर कोणाचा फायदा, हे पक्ष चांगले ओळखून आहेत. विधिमंडळाचे मतदारसंघ सत्ताधारी पक्ष आपल्या सोयीने आखू शकतो. सिनेटसाठी सारे राज्य हाच एक मतदारसंघ असतो, त्याच्या सीमा आखता येत नाहीत. जॉर्जियाची दोन्ही सभागृहे रिपब्लिकनांकडे असताना ५ जानेवारी २०२१ च्या फेरमतदानात तिथल्या दोन्ही जागा डेमोक्रॅटांनी जिंकल्या आणि सिनेट ५०-५० झाले. उलट मेनमध्ये विधिमंडळ डेमोक्रॅटांचे असूनही मतदारांनी २०२० मध्ये रिपब्लिकन सुसान कॉलिन्स यांना पाचव्यांदा पाठवले. विधिमंडळांनी निवड केली असती तर हे तिघेही सिनेटमध्ये दिसले नसते. दुरुस्ती रद्द करायची तर आधी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते हवीत, म्हणजे मतदारांनी निवडलेल्या ६७ सिनेटरांनी मतदारांचाच हक्क काढून घ्यायला हात वर केला पाहिजे, आणि नंतर ३८ राज्यांची मान्यता. काँग्रेस तयार नसेल तर तिच्या जागी ३४ विधिमंडळांनी मागून घेतलेली घटना परिषद.