बूट सैल का देतो? लॅपलँडला निघालेल्या आमच्या ग्राहकांसाठी

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला की बर्फाचे बूट भाड्याने देणाऱ्या आमच्या दुकानात दर वर्षी तोच संवाद सुरू होतो. ग्राहक बर्फाचे बूट चढवतात, आरशासमोर चार पावलं टाकतात आणि म्हणतात, "अहो, हे ढगळ होतायत. एक नंबर कमी दाखवा." आम्ही म्हणतो, ढगळच हवेत. ते म्हणतात, आम्हाला मापाचे हवेत. मागे रांग ताटकळते. शेवटी कुणीतरी रुसून मापाचे बूट घेऊन जातं आणि विमानाच्या आदल्या रात्री साडेआठला, शटर अर्धं खाली आलेलं असताना, "जरा बदलून मिळतील का" म्हणून धापा टाकत येतं. तोवर त्यांच्या मापाचा मोठा जोड दुसऱ्या कुटुंबाबरोबर लॅपलँडमधल्या, म्हणजे फिनलंडच्या उत्तर भागातल्या, रोव्हानिएमी शहरात पोचलेला असतो. म्हणून हा कागद. बूट पाहायला येण्याआधी घरी वाचा.

"आम्ही डिसेंबरात मनाली केलीय" असं बरेच जण सांगतात. केली असेल. पण तिथे गमबूट भाड्याने घ्यायचे, तासभर बर्फात फोटो काढायचे आणि टपरीवर गरम मॅगी खायची, असा तो मामला. लॅपलँडमध्ये तुम्ही रात्री दहा वाजता गोठलेल्या तळ्यावर उभे राहणार आहात, दीड-दोन तास, जवळपास न हलता, मान वर करून, अरोरा म्हणजे आकाशातला तो रंगीत प्रकाश दिसायची वाट पाहत. रोव्हानिएमी आर्क्टिक वृत्ताला खेटून, समुद्रापासून आत आहे. जानेवारी-फेब्रुवारीत उणे २० तिथे बातमी नसते आणि उणे ३० सुद्धा अधूनमधून होतं. फिनलंडचा नीचांक उणे ५१.५ आहे, २८ जानेवारी १९९९, कित्तिला भागातल्या पोक्का गावात. तसलं काही तुमच्या वाट्याला येणार नाही, पण उणे २५ धरूनच तयारी करा.

ट्रॉम्सोला जाणाऱ्यांना मात्र आम्ही हे जड बूट मुद्दाम देत नाही. नकाशात ट्रॉम्सो बरंच वर दिसतं, पण ते नॉर्वेच्या किनाऱ्यावर आहे आणि तिथल्या समुद्रात उबदार प्रवाह येतो, त्यामुळे थंडी पुष्कळ सौम्य असते. त्यांना हलके, पाणी न शिरणारे बूट पुरतात. भाडंही कमी पडतं. तिथून दूर आत, फिनलंडच्या बाजूला अरोरा बघायला नेणार असतील तर आधी सांगा, मग हिशेब बदलतो.

आता मूळ मुद्दा. यातला शहाणपणा आम्हाला दुकानात बसून सुचलेला नाही. दुकान काढण्याच्या आधीची गोष्ट. लॅपलँडमधल्याच सारिसेल्का गावाजवळचं एक मोकळं माळरान, रात्रीचे अकरा, उणे २६. पायात नवेकोरे बूट, पुण्यात अगदी मापात बसवून घेतलेले. आत तीन मोजे: खाली सुती, त्यावर खेळाचा जाड, त्यावर आईने विणलेला लोकरीचा. पहिली वीस मिनिटं झकास गेली. मग बोटं दुखायला लागली. मग दुखायची थांबली, तेव्हा मला वाटलं, चला, सवय झाली एकदाची. गाडीवाल्या फिनिश बाईंनी माझी पावलं आपटण्याची तऱ्हा पाहिली, हाताला धरून गाडीत बसवलं आणि बूट काढायला लावले. अंगठा मेणबत्तीसारखा पांढरा. त्यांनी तो चोळला नाही, शेगडीला लावला नाही, नुसता दोन्ही तळहातांत धरून ठेवायला सांगितला. बाहेर त्याच वेळी आरडाओरडा झाला. ज्या प्रकाशासाठी इतका खर्च केला तो हिरवा पट्टा मी गाडीच्या धुरकट काचेतून, एक पाय मांडीवर घेऊन पाहिला.

थंडी अडवतं कोण, तर मोजे नव्हेत, मोज्यांच्या धाग्यांत अडकलेली हवा. लोकर उबदार कारण ती फुगलेली असते. तीच लोकर घट्ट बुटात कोंबली की चपटी होते, हवा निघून जाते आणि उरतो तो नुसता कपडा. शिवाय अंगाला थंडी वाजली की शरीर हातापायांकडचा रक्तपुरवठा आपणहून आवळतं, पोटा-छातीची ऊब राखण्यासाठी. त्यात बूटही बाहेरून आवळत असेल तर बोटांपर्यंत गरम रक्त पोचायचं कसं? म्हणून तीन मोजे आणि मापाचे बूट यापेक्षा दोन मोजे आणि सैल बूट केव्हाही गरम. चौथा मोजा चढवणाऱ्याचे पाय तर सगळ्यांत आधी गार पडतात. लोकांना हे पटत नाही, कारण आपल्याकडे थंडी वाजली की आणखी एक गोधडी घ्यायची सवय. पण गोधडी आवळत नाही हो.

आमचं माप घेण्याची रीत अशी. बुटाच्या आतलं नमद्याचं, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचं, अस्तर आम्ही बाहेर काढतो आणि मोजे घातलेला पाय त्याच्यावर ठेवायला सांगतो. बोटांच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे. मग बूट घालून आतल्या आत पाचही बोटं पियानो वाजवल्यासारखी हलवून बघायची. चवड्याला कुठेही दाब नको. टाच चालताना जराशी उचलली जात असेल तर जाऊ दे; घोट्यावरचा पट्टा ओढून घेतला की बूट निघून येत नाही. रोज आठ नंबर घालणाऱ्याला, म्हणजे साधारण युरोपियन ४२ वाल्याला, आम्ही ४३ किंवा ४४ देतो. आणि दहा मिनिटं ते घालून बसायला लावतो. ही दहा मिनिटं लोकांना फार जाचतात. पण चहा आमच्याकडून असतो.

मोजे दोनच. आत पातळ, मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीचा. वर जाड, लोकरीचाच. सुती मोजा नको म्हणजे नको. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं, आणि ओला मोजा उणे २० ला काय करतो हे वर माझ्या अंगठ्याने सांगितलंच आहे. हाच नियम थर्मलच्या आतल्या सुती बनियनला. "बनियनशिवाय कसंतरीच वाटतं" हे आम्ही समजू शकतो, आम्हालाही वाटतं. तरी ते बॅगेतच राहू द्या. हॉटेलच्या आत वीस-बावीस अंश असतं. खोलीतच सगळं चढवून लॉबीत गाडीची वाट पाहत बसलात की घामाने भिजूनच बाहेर पडाल. जाकीट, टोपी, हातमोजे दारापाशी.

बायकांना एक सांगायचं असतं आणि ते सांगताना आमची जीभ अडखळते. जोडवी. धातू लवकर गार होतो, आणि विमानात दिवसभर बसून पाय सुजले की जोडवं रुततं. तेवढ्या पाच दिवसांपुरती पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलीत तर उत्तम. गेल्या मोसमात एका आजींनी साफ नकार दिला, "पन्नास वर्षांत काढली नाहीत" म्हणाल्या. मग त्यांना आणखी एक नंबर मोठा बूट दिला. तो उपायही चालतो.

मधुमेह असलेल्यांनी जाण्याआधी डॉक्टरांशी बोलावं आणि तिथे रोज रात्री पाय डोळ्यांनी तपासावेत. पायाची संवेदना कमी असेल तर बोट बधिर झाल्याचं कळतच नाही. कुणाचंही बोट, नाक किंवा कानाची पाळी पांढरी पडलेली दिसली तर आत जा, उबदार हात किंवा काख यांच्या उबेत धरा. बर्फाने चोळू नका, गरम पाण्याची पिशवीही थेट लावू नका. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. तरीही पांढरं राहिलं तर डॉक्टर गाठा.

बुटात ठेवायच्या गरम पुड्या आम्ही विकतो, पण त्याबद्दलही खरं सांगतो. त्यात लोखंडाचा भुगा असतो, तो गंजताना ऊब देतो, आणि गंजायला हवा लागते. घट्ट बुटात हवाच नसेल तर पुडी मुकी राहते आणि वर जागा खाते. सैल बुटात, मोज्यावर लावली तर चालते.

"तिथे सफारीवाले कपडे आणि बूट देतातच की, मग तुमचे कशाला?" बरोबर आहे. स्नोमोबाइल किंवा कुत्र्यांच्या घसरगाडीच्या सफारीला जाड डगला, बूट, हातमोजे देतात आणि चांगले देतात. काही ठिकाणी पूर्ण मुक्कामासाठीही देतात. तुमच्या बुकिंगमध्ये तसं लिहिलं असेल तर आमच्याकडून डगला आणि बूट घेऊ नका, फक्त मोजे आणि थर्मल घ्या. तसं नसेल तर सफारी संपताच ते सगळं परत द्यावं लागतं. सांताक्लॉज व्हिलेज शहरापासून आठेक किलोमीटर आहे, तिथलं फिरणं, रात्री केमियोकी नदीच्या काठी जाणं, स्टेशनवर थांबणं, हे सगळं तुमच्या स्वतःच्या बुटांत. सफारीवाल्यांकडेही एक नंबर मोठाच मागा.

हेलसिंकीत मात्र हे नमद्याचे बूट काढू नका. तिथे पारा शून्याच्या आसपास घुटमळतो, रस्त्यावर बर्फाचा चिखल होतो आणि नमदा पाणी पितो. तिथे घरचेच जाड तळव्याचे बूट, त्यावर खिळ्यांचे रबरी पट्टे. ते आमच्याकडे विकत मिळतात, भाड्याने नाही, कारण कुणीच दोन्ही परत आणत नाही. विमानातही साधे बूट घाला. बर्फाचे बूट बॅगेत, आत मोजे कोंबून, म्हणजे जागा वाया जात नाही.

रात्री खोलीवर आलात की अस्तर बाहेर काढून वाळवा. बऱ्याच लॉजमध्ये ओले कपडे वाळवायचं कपाट असतं, नसेल तर हीटरजवळ, पण हीटरवर नाही. तिथेही आपल्यासारखंच घरात शिरताना बूट दारात काढतात, तेव्हा भोकाचे मोजे नकोत. कुणा रेनडिअरवाल्याच्या घरी गेलात तर त्याच्याकडे किती रेनडिअर आहेत हे मात्र विचारू नका, बँकेत किती पैसे आहेत असं विचारल्यासारखं होतं.

आमचा विषय नाही तरी सांगतो: पेढे, बर्फी, साजूक तूप बॅगेत टाकू नका. दुधाचे पदार्थ आणि मांस युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाही. चिवडा, चकली, तेलातल्या दशम्या खुशाल न्या.

आता अनामत रकमेबद्दल. ती जास्त वाटते हे मान्य. पण एक जोड हरवला की तो नंबर त्या मोसमात पुन्हा मिळत नाही आणि पुढचं कुटुंब अडतं. बूट जसे नेले तसे आले की पूर्ण रक्कम त्याच दिवशी परत. "दुसऱ्याने घातलेले बूट?" हा प्रश्नही येतो. प्रत्येक वेळी अस्तर धुऊन पूर्ण वाळवतो, म्हणूनच दोन बुकिंगमध्ये तीन दिवस मोकळे ठेवतो. मोजे भाड्याने देत नाही, विकतोच.

नाताळच्या आठवड्यासाठी सगळ्यांनाच बूट हवे असतात, आणि तेव्हा रोव्हानिएमीत सूर्य जेमतेम दोन तास दर्शन देतो. आणखी उत्तरेला, इव्हालो गावाकडे, महिनाभराहून जास्त काळ उगवतच नाही. तो निळा अंधार बघायचा असेल तर जरूर जा. पण तारखा हातात असतील तर मार्चचा विचार करा. बर्फ भरपूर, दिवस मोठा, रात्रही अरोराला पुरेशी, आणि आमच्याकडे सगळे नंबर शिल्लक. भाडंही थोडं कमी.

माप द्यायला ज्याचे पाय त्यानेच यावं. "मिस्टरांचा नंबर आठ आहे, देऊन टाका" यावर आम्ही बूट देत नाही. संध्याकाळी पाचनंतर या, दिवसभरात पाय जरा फुगलेले असतात, तेच खरं माप. जाड लोकरीचे मोजे घरी असतील तर घेऊन या, नसतील तर काउंटरच्या डाव्या बाजूला ठेवलेत.