कागद उर्दूत, आठवणी मराठीत

आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत आज्जाचा शाळेचा दाखला आहे, उर्दूतला. घरात तो वाचणारं कुणी उरलं नाही, म्हणून मी तो जुन्या कचेरीजवळच्या एका म्हाताऱ्या अर्जनवीसाकडे नेला. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचलं, जन्म १३४० फसली, म्हणजे निजामाच्या दफ्तरातला सन. "यात ५९० मिळवा, झालं इसवी साल." म्हणजे १९३०च्या आसपास. आजीचा हिशोब निराळा होता. "रझाकाराच्या धामधुमीत आमचं लगीन लागलं. तवा त्यायला नुकतं मिसरूड फुटलं व्हतं."

मराठवाड्यातल्या बऱ्याच घरांचं असंच आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथं निजामाचं राज्य आणि दफ्तर उर्दूत. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी या राजवटीत अधिकारी झाले आणि पुढे त्यांनी 'जीवनसेतू' हे आत्मचरित्र लिहिलं. पण असं लिहिणारे थोडेच. बाकीच्यांचा इतिहास तोंडातोंडी राहिला.

तोंडी आठवण कागदावर आणायची रीत मात्र इथं फार जुनी. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी आपल्या महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या आठवणी माणसांना गाठून, विचारून गोळा केल्या. तेच 'लीळाचरित्र'. ग्रंथ विदर्भात रिद्धपूरला सिद्ध झाला, पण त्यातल्या कितीतरी लीळा पैठणच्या, गोदाकाठच्या.

मला स्वतःला या परंपरेत सर्वांत जवळची वाटते ती बहिणाबाई. वेरूळजवळच्या देवगावची, शिऊरला दिलेली, सतराव्या शतकातली. ('अरे संसार संसार'वाली ती नव्हे, ती खानदेशची.) अगदी लहानपणी तिशीतल्या बिजवराशी लग्न, मग भाऊबंदकीपायी गाव सोडून आईबाप आणि नवऱ्याबरोबर वणवण. पुढे कोल्हापुरात तिला एका वासराचा लळा लागला, कीर्तनाला जाताना ते मागं यायचं. तुकोबांना गुरू मानलं म्हणून वैदिक नवऱ्याने मारलं, तेही तिने अभंगात सांगून टाकलं. संतचरित्रात नवऱ्याची मारहाण येते, पण जिला मार बसला तिच्याच तोंडून ती ऐकायला मिळणं विरळा. शेवटी तिने आपल्या मागच्या जन्मांची हकीकत मुलाला सांगितली. ते जन्म खरे मानायचे की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मला त्यातलं आईने लेकाला बसवून सांगणं महत्त्वाचं वाटतं. जात्यावरच्या ओव्यांत बायका सासर-माहेर, भाऊ, दुष्काळ सांगत आल्या, तेही याच जातीचं सांगणं. फक्त ते लिहून घ्यायला कितीतरी काळ कुणी बसलं नाही.

लिहिण्याची पाळी आली ती शिक्षणाने. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केलं, तेच पुढचं मिलिंद. खेड्यापाड्यांतली पोरं तिथं आली. साठच्या दशकाच्या अखेरीस याच शहरातून गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' हे दलित साहित्याचं नियतकालिक निघू लागलं आणि लिहिणाऱ्यांना हक्काची जागा मिळाली. १९७८ला दया पवारांचं 'बलुतं' आलं, ते नगरकडचं. दुसऱ्याच वर्षी इकडून प्र. ई. सोनकांबळे यांचं 'आठवणींचे पक्षी' आलं. मग १९८७ला लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या'. त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

या पुस्तकांना 'आत्मचरित्र' म्हणायचं की 'आत्मकथन', यावर तेव्हा पुष्कळ काथ्याकूट झाला. चरित्र म्हटलं की कर्तबगारीचा आलेख आला. इथं तर तिशी-चाळिशीतला माणूस आपल्याबरोबर आई, बाप, भावंडं, सगळी वस्ती उघडी करत होता. घरच्यांना ते रुचेलच असं नव्हतं. आपली भूक छापून आली की लाज वाटते, आणि त्यांना विचारून थोडंच लिहिलं होतं!

'उचल्या'च्या सुरुवातीला गायकवाड सांगतात की त्यांना जन्मतारीखच नाही. मराठवाड्यात हे वाचून चकित होणारा वाचक सापडणं कठीण. गुरुजींनी पोर शाळेत घालताना १ जून टाकायचा, हा शिरस्ता. माझ्या वडिलांचा दाखला त्याच पेटीत आहे. तो मराठीत आहे आणि त्यावरही १ जूनच आहे. आजी म्हणायची, "ह्यो झाला तवा शाळू काढायला आला व्हता." म्हणजे माघ, नाहीतर फाल्गुन.