अमेरिकेतल्या फ्रॅटर्निटी-सोरोरिटी: विद्यापीठाची मान्यता कशी मिळते आणि कशी जाते

ऑगस्टमध्ये मुलगा अमेरिकेत पोचतो आणि सप्टेंबरात घरी फोन येतो, "आई, मी रश करतोय." आईला वाटतं, हा कुठल्या गर्दीत शिरतोय! रश म्हणजे ग्रीक अक्षरांची नावं लावणाऱ्या मंडळांमध्ये प्रवेश मिळवण्याचा हंगाम. मुलांची ती फ्रॅटर्निटी, मुलींची सोरोरिटी. प्रकार जुना आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात १८२५ मध्ये कप्पा अल्फा सोसायटी निघाली आणि आज दिसणाऱ्या 'सोशल' मंडळांची परंपरा तिथून धरतात. आपल्या मुलांना हे परकंही राहिलेलं नाही. १९९४ मध्ये बिंगहॅम्टनला आयोटा न्यू डेल्टा आणि १९९८ मध्ये टेक्सासातल्या ऑस्टिनला डेल्टा एप्सिलॉन साय ही फ्रॅटर्निटी व कप्पा फाय गॅमा ही सोरोरिटी दक्षिण आशियाई विद्यार्थ्यांनी सुरू केली. तिथे देशपांडे, पाटील आडनावांची मुलं दिसली तर नवल वाटू नये.

दोन वेगळे कागद

सगळा घोळ इथे होतो, म्हणून हे आधी. शाखेला, म्हणजे चॅप्टरला, दोन ठिकाणचे कागद लागतात. सनद (चार्टर) देतं त्या संस्थेचं राष्ट्रीय मुख्यालय. मान्यता देतं विद्यापीठ. आपल्या गणेश मंडळाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे असते, पण मांडवाची परवानगी दरवर्षी पालिकेकडून आणि पोलिसांकडून घ्यावी लागते, तसंच हे. परवानगी नाकारली म्हणून मंडळ संपत नाही, आणि नोंदणी आहे म्हणून रस्त्यावर मांडव घालता येत नाही.

मान्यता मिळाली की विद्यापीठाचं नाव लावता येतं, सभागृहं मिळतात, कॅम्पसवर भरती करता येते, काही ठिकाणी राहायला घरही मिळतं. बदल्यात विद्यापीठाची शिस्त मान्य करावी लागते.

कुणाला मान्यता द्यायची याचा देशभर एकच नियम नाही. विल्यम्स कॉलेजने १९६२ पासून फ्रॅटर्निटी मोडीतच काढल्या. सरकारी विद्यापीठांचे हात मात्र राज्यघटनेने थोडे बांधलेले आहेत. एखाद्या गटाची मतं आवडत नाहीत एवढ्यावरून मान्यता नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये हीली विरुद्ध जेम्स खटल्यात सांगितलं. पुढे जॉर्ज मेसन विद्यापीठाने एका फ्रॅटर्निटीला वंशद्वेषी आणि बायकांची टवाळी करणाऱ्या कार्यक्रमाबद्दल शिक्षा केली, तीही संघराज्य अपील न्यायालयाने १९९३ मध्ये रद्द ठरवली. कार्यक्रम गलिच्छ होता, पण सरकारी संस्थेने अभिव्यक्तीबद्दल शिक्षा केली, असा तो निकाल. खाजगी विद्यापीठाला हे बंधन थेट लागू नाही.

फक्त मुलगे किंवा फक्त मुली घेणं हा भेदभाव नाही का? शिक्षणात लिंगभेदाला बंदी घालणाऱ्या टायटल नाइन कायद्यात १९७४ च्या दुरुस्तीने सोशल फ्रॅटर्निटी-सोरोरिटींना सवलत दिली, म्हणून ते चालतं.

शाखेला काय सादर करावं लागतं

नवी शाखा एका रात्रीत उभी राहत नाही. आधी इच्छुकांचा गट, मग त्या प्रकारच्या शाखांच्या परिषदेची संमती, मग तात्पुरता दर्जा, आणि सभासदसंख्या, गुण, शिस्त यांच्या अटी पुऱ्या झाल्या की पूर्ण मान्यता. कागदपत्रं साधारण सगळीकडे सारखीच मागतात: मुख्यालयाचं पाठिंब्याचं पत्र, घटना आणि पोटनियम, पदाधिकाऱ्यांची आणि सभासदांची यादी, सल्लागाराचं नाव, विम्याचं प्रमाणपत्र आणि हेझिंग (नवख्यांचा छळ) करणार नाही असं सह्यांचं पत्र. विम्यात विद्यापीठाचं नावही घालायला लावतात. स्वतःचं घर असेल तर आगसुरक्षेची तपासणी वेगळी. यादी दर सत्राला ताजी करावी लागते. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण चौकशी लागली की 'त्या रात्री सभासद कोण होतं' हा पहिला प्रश्न याच यादीवरून सुटतो.

विद्यार्थ्याची पात्रता

पूर्णवेळ विद्यार्थी असणं, किमान जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी (बऱ्याच ठिकाणी २.५ च्या आसपास) आणि शिस्तीची पाटी कोरी असणं. काही विद्यापीठं पहिल्या सत्रात भरतीच करू देत नाहीत. आधी गुण दाखवा, मग या. नोंदणी अर्ज, फी, गुणपत्रक पाहायला परवानगी देणारी सही एवढ्यावर काम होतं. पुढे दर सत्राची वर्गणी असते, तो आकडा आधीच विचारावा.

मुलींसाठी एक कागद जपून वाचण्यासारखा आहे. राष्ट्रीय पॅनहेलेनिक कॉन्फरन्स या महासंघातल्या सोरोरिटींच्या मुख्य भरतीत शेवटी 'एमआरएबीए' नावाच्या करारावर सही घेतात. त्यात पसंतीक्रम लिहिलेला असतो. त्यातल्या एखाद्या सोरोरिटीने बोलावलं आणि तुम्ही नकार दिलात, तर त्या कॅम्पसवर पुढच्या मुख्य भरतीपर्यंत या गटातल्या दुसऱ्या सोरोरिटीत जाता येत नाही. सही करून मग विचार करणाऱ्यांचं वर्ष जातं.

शिस्तीची कारवाई

हेझिंग म्हणजे ढोबळमानाने आपलं रॅगिंग. महाराष्ट्रात १९९९ चा रॅगिंगबंदी कायदा आहे आणि प्रवेशावेळी विद्यार्थी-पालक दोघांकडून हमीपत्र घेतात, ते आपल्याला ठाऊक आहे. फरक असा की रॅगिंग गाठून केलं जातं, इथे मुलगा स्वतःच्या पायाने जातो. म्हणून 'त्याची तयारी होती' हा बचाव मोडून काढणं हा इथल्या कायद्यांचा मुख्य उद्योग झाला.

फेब्रुवारी २०१७ मध्ये पेन स्टेट विद्यापीठात बीटा थीटा पाय फ्रॅटर्निटीच्या घरी दारू पाजण्याच्या 'विधी'नंतर टिमथी पियाझा हा १९ वर्षांचा विद्यार्थी जिन्यावरून कोसळला. तासन्‌तास कुणी मदत बोलावली नाही. तो वाचला नाही. विद्यापीठाने त्या शाखेची मान्यता कायमची काढली, आणि पेनसिल्व्हेनियाने २०१८ मध्ये त्याच्या नावाने कायदा केला. संमती असली तरी गुन्हा, जीव गेला किंवा गंभीर इजा झाली तर मोठा गुन्हा, आणि मदत बोलावणाऱ्याला संरक्षण. शेवटचं कलम मुलांना पाठ करायला लावावं.

कारवाईचा क्रम असा असतो. तक्रार येते, आणि ती निनावीही चालते. मग बहुधा त्याच दिवशी शाखेला सगळे कार्यक्रम थांबवण्याचा अंतरिम आदेश जातो. ती अजून शिक्षा नसते. चौकशीत सभासदांना एकेकटं बोलावतात, आरोपपत्र देतात, सुनावणी होते. इथे फौजदारी खटल्याइतका पक्का पुरावा लागत नाही. 'घडलं असण्याची शक्यता जास्त' एवढं बहुतेक ठिकाणी पुरतं. शिक्षा ताकीद, देखरेख, पार्टीबंदी, काही वर्षांसाठी निलंबन किंवा मान्यता रद्द. निलंबन बऱ्याचदा चार वर्षांच्या आसपास ठेवतात, म्हणजे तेव्हाचे सगळे सभासद पदवी घेऊन गेलेले असतात. अपील करता येतं. मुख्यालय स्वतंत्रपणे सनद काढून घेऊ शकतं, आणि पोलिसांचा मार्ग आणखी वेगळा.

डिसेंबर २०२४ मध्ये स्टॉप कॅम्पस हेझिंग कायदा झाला. संघराज्याची विद्यार्थी-मदत घेणाऱ्या संस्थांना आता हेझिंगमध्ये दोषी ठरलेल्या संघटनांचं नाव, काय घडलं आणि चौकशीच्या तारखा असलेला अहवाल जाहीर करावा लागतो आणि वर्षातून किमान दोनदा तो ताजा करावा लागतो.

मान्यता सोडलेल्या शाखा

मान्यता गेली की शाखा संपते, हा समज चुकीचा. कोलोरॅडोच्या बोल्डरमध्ये २००५ मध्ये फ्रॅटर्निटींनी विद्यापीठाच्या नव्या अटी नाकारून वेगळी परिषद काढली. ड्यूक विद्यापीठात २०२१ मध्ये नऊ फ्रॅटर्निटी तशाच बाहेर पडल्या. घर खाजगी जागेवर असतं, पार्ट्या चालू राहतात, फक्त विद्यापीठाचा धाक उरत नाही. माझ्या मते नवख्या परदेशी विद्यार्थ्याने अशा घराच्या पायरीवरही जाऊ नये.

आणि 'आपल्या लोकांची आहे' हे काही संरक्षण नाही. २०१३ मध्ये पाय डेल्टा साय या आशियाई-अमेरिकी फ्रॅटर्निटीच्या हेझिंगमध्ये एका पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा जीव गेला. पुढे ती संघटनाच दोषी ठरली, दंड झाला आणि तिला पेनसिल्व्हेनियात दहा वर्षं बंदी झाली.

एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांसाठी: शिक्षा शाखेबरोबर व्यक्तीलाही होऊ शकते. विद्यार्थी म्हणून निलंबन झालं तर पूर्णवेळ नोंदणी राहत नाही आणि व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो. आरोपाचं पत्र आलं की सुनावणीच्या आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जावं. पुण्या-नागपुरात बसलेल्या पालकांनी फोन करून चौकशी केली तर कार्यालय सहसा काही सांगणार नाही. फर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदी गोपनीय ठेवणाऱ्या कायद्याने शिस्तीची नोंद विद्यार्थ्याची असते आणि माहितीसाठी त्याची लेखी संमती लागते.

शाखेची नोंद मात्र कुणालाही पाहता येते. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मान्य शाखांची यादी आणि हेझिंग अहवाल, दोन्ही शोधावेत. शोधताना एक अडचण येते: मुलं टोपणनावानं बोलतात. 'पाइक' म्हणजे पाय कप्पा अल्फा, 'फिजी' म्हणजे फाय गॅमा डेल्टा, 'सॅमी' म्हणजे सिग्मा अल्फा म्यू. अहवालात पूर्ण नाव असतं, तेव्हा मुलाकडून आधी ते लिहून घ्या.