बघितलं म्हणजे खुन्नस?

'रागाने का बघितलेस' या कारणावरून मारहाण. सांगलीच्या पेपरात आतल्या पानावर ही ओळ इतक्यांदा येते की आपण ती वाचतही नाही. 'गाडीचा कट का मारलास' ही तिचीच बहीण. संशयित पुष्कळदा सतरा वर्षांचा, कायद्याच्या भाषेत 'विधिसंघर्षग्रस्त बालक'. चहाच्या गाड्यावर निकाल लगेच लागतो: पोरगं मुळातच वाया गेलेलं. मी मात्र त्या ओळीत अडकतो. बघितलं, हे खरं. पण रागाने बघितलं, हे कुणी ठरवलं?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज यांनी १९८० मध्ये नेमकं हेच तपासलं. शाळकरी मुलं घेतली, काही वर्गात मारकुटी म्हणून प्रसिद्ध, काही शांत. बक्षिसासाठी कोडं जुळवायला दिलं. अर्धवट जुळलेलं कोडं शेजारच्या खोलीतल्या 'दुसऱ्या मुलाला' दाखवायला नेलं आणि त्याचा आवाज स्पीकरवर ऐकवला. तो मुलगा नव्हताच, टेप होती. एका टेपमध्ये तो कोडं मुद्दाम मोडतो, दुसरीत मदत करताना चुकून मोडतं, तिसरीत मोडल्याचं कळतं, पण का ते कळत नाही. मुद्दाम मोडल्यावर शांत पोरंही चिडली. चुकून मोडल्यावर मारकुटीही निवळली. गंमत तिसऱ्या टेपची. मारकुट्यांनी 'मुद्दामच केलं' असं धरलं, शांत मुलांनी 'चुकून झालं असेल'.

समोरच्याचा हेतू वाईटच होता असं धरून चालण्याच्या या सवयीला हेत्वारोपणाचा कल म्हणू. डोकं आधी खुणा टिपतं, मग त्यांचा अर्थ लावतं, मग काय साधायचं ते ठरवतं आणि शेवटी हात उचलतं. बिघाड दुसऱ्या पायरीवर, आपण ओरडतो शेवटच्या पायरीवर. त्यात हे चक्र स्वतःला पोसतं. मी शत्रू धरून अंगावर गेलो की समोरचाही खरोखर शत्रूसारखा वागतो, आणि 'बघ, म्हटलं नव्हतं?' हा पुरावा हातात येतो.

१९९० मध्ये डॉज आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कडेकोट बंदोबस्ताच्या बालतुरुंगातल्या १२८ मुलांवर हेच तपासलं. हा कल चिडून मारामारी करणाऱ्यांत ठळक होता. मारहाण नसलेल्या गुन्ह्यांशी त्याचा संबंध दिसला नाही. म्हणजे 'बालगुन्हेगारांचा स्वभाव' अशी एकच चीज नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात लहानपणी घरी जबर मार खाल्लेल्या मुलांत हा कल जास्त आढळला. नवल नाही. बाप पिऊन आलाय का, हे चपलांच्या आवाजावरून ओळखावं लागलं, की संशय ही सवयच होते.

पत्रिकेतला मंगळ दाखवणाऱ्यांना मात्र हे सांगून उपयोग नाही. गुन्हेगारी जन्मतःच असते, असं मानायची चूक करणारे शिकलेलेही होतेच. इटलीच्या लोंब्रोझो या डॉक्टरने १८७६ मध्ये जबडे-कान मोजून 'जन्मजात गुन्हेगार' शोधले. इंग्रजांनी त्याआधीच, १८७१ मध्ये, कायदा करून इथल्या अख्ख्या जमातींवर तो शिक्का मारला. कायदा १९५२ मध्ये गेला, पण पारध्यांच्या पालाकडे बघायची नजर गेली नाही. हाही हेत्वारोपणाचाच कल, फक्त आपला.

अर्थ लावण्याची सवय बदलता येते. शिकागोत शाळकरी मुलांसाठीच्या एका उपक्रमात जोड्या लावतात. एकाच्या हातात चेंडू, दुसऱ्याने तीस सेकंदांत तो मिळवायचा. झटापट, ओढाताण, गडबडा लोळणं. मग प्रशिक्षक विचारतो, चेंडू मागितला का नाहीस? मागितला असता तर मला नेभळट समजला असता, असं काहीतरी उत्तर येतं. मग चेंडूवाल्याला विचारतात. तो म्हणतो, दिला असता की, चेंडूच तर आहे. या उपक्रमाच्या चाचण्यांत हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका, उपक्रम चालू असेपर्यंत, जवळपास निम्म्यावर आल्या.