ओली साण
ओली साण : पाण्याने भिजलेल्या, सावकाश फिरणाऱ्या चाकावर पटाशी, रंध्याचे पाते, कुऱ्हाड, चाकू इत्यादी हत्यारांना धार लावण्याचे साधन. ‘साण’ हा शब्द संस्कृत ‘शाण’ या शब्दावरून आला.

उगम : निसण्यावर (धार लावण्याच्या स्थिर दगडावर) हत्यार घासण्याची रीत प्रागैतिहासिक आहे, दगड फिरता केव्हा झाला याविषयी मात्र मतभेद आहेत. वाकड्या दांड्याने (क्रँकने) फिरवायच्या साणेचे युरोपातील सर्वांत जुने ज्ञात चित्र युट्रेख्ट साल्टर या स्तोत्रसंग्रहाच्या हस्तलिखितात आढळते. ते साधारणतः ८२० ते ८३५ या काळात फ्रान्समधील रॅंसच्या परिसरात तयार झाले असावे. चित्रात दुर्जनांच्या गोटातला माणूस तलवार साध्या निसण्यावर घासतो आहे, तर सज्जनांकडे साण दांड्याने फिरते आहे. इतिहासकार लिन व्हाइट यांनी यातून नव्या तंत्राचा गौरव वाचला. परंतु स्वित्झर्लंडमधील ऑग्स्ट येथे रोमन काळातला, बहुधा दुसऱ्या शतकातला, असाच लोखंडी वाकडा दांडा मिळाला आहे. त्यामुळे चित्राला शोधाचा दाखला न समजता, तोवर साण प्रचारात आली होती एवढाच पुरावा मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

दगड : पूर्वी चाके वालुकाश्माची असत. त्यांच्या धुळीतील सिलिकेने इंग्लंडमधील शेफील्डच्या, हत्यारे घासणाऱ्या कारागिरांची फुप्फुसे निकामी होत. कोरडे काम करणाऱ्यांना तो धोका अधिक असे. १८९१ मध्ये एडवर्ड ॲचेसन यांना सिलिकॉन कार्बाइड हा चाकांसाठी उपयोगी कृत्रिम घर्षक पदार्थ बनवता आला. आजची बहुतेक चाके मात्र ॲल्युमिनियम ऑक्साइडची असतात.

पाण्याचे कार्य : पाणी कण धुऊन नेते, धूळ दाबते आणि मुख्यतः धार थंड ठेवते. साध्या कार्बन पोलादाची धार कोरड्या चाकावर निळी पडली, की तापमान सुमारे ३०० °से. पर्यंत गेले असे समजावे. तेवढ्या भागाचे पाणी (कठीणपणा) उतरलेले असते. तो घासून काढण्यावाचून इलाज नसतो. उच्चगती पोलाद (वेगाने चालणाऱ्या कर्तन हत्यारांचे मिश्र पोलाद) याहून बरीच उष्णता सोसते.

प्रकारांची तुलना : उभ्या चाकाची साण सर्वांत मंद. टॉर्मेक कंपनीच्या टी-८ या साणेचे २५० मिमी. व्यासाचे चाक मिनिटाला ९० फेरे घेते, म्हणजे कडेचा वेग सुमारे ७० मी. प्रति मिनिट. टी-४ चे चाक २०० मिमी. असले तरी फेरे १२० असल्याने हा वेग सुमारे ७५ मी. भरतो, म्हणून निव्वळ फेऱ्यांवरून तुलना करणे फसवे ठरते. १५० मिमी.चे कोरडे चाक २,८५० फेऱ्यांना १,३०० मी.च्याही पुढे जाते. उभ्या चाकावर उताराला (धारेकडे निमुळत्या होणाऱ्या तिरक्या बाजूला) खोलगटपणा येतो. ७ मिमी. लांबीच्या उतारावर तो २५० मिमी. चाकाने जेमतेम ०.०५ मिमी. असतो, तर १५० मिमी. चाकाने ०.०८ मिमी.; लहान चाकाची खरी उणीव पुढे दगड झिजून व्यास घटल्यावर जाणवते. आडव्या चाकाच्या साणेवर (उदा., मकिटा कंपनीची ९८२०-२, मिनिटाला ५६० फेरे) उतार सपाट येतो, म्हणून रुंद रंध्याच्या पात्यांना ती सोयीची, पण कडेचा वेग मध्याहून जास्त असल्याने दगड सारखा झिजत नाही आणि तो वारंवार सपाट करावा लागतो. पटाश्या, गोल पटाश्या व चाकू अशा मिश्र संचासाठी उभे चाक उजवे ठरते.

वापर : धारेच्या पाठीमागे बोटाला खरखरणारी तारेसारखी कड सर्व लांबीभर उमटली, की घासणे पुरे झाले, ती कड चामड्याच्या चाकावर काढतात. काम संपल्यावर चाकाखालच्या कुंडीतले पाणी काढून टाकावे, कारण वालुकाश्माची एकच बाजू भिजत राहिली तर ती मऊ पडते आणि चाक डगमगू लागते.